माळावरची मेंढरं आणि देवाचा बोकड

"मॅडम, आहेत तेवढे डोस गावात सारखे वाटा आणि रिपोर्ट पाठवा," साताऱ्याहून साहेब फोनवर म्हणाले.

"सर, सारखे वाटले तर कुणालाच पुरणार नाहीत."

"मग तुम्ही काय करणार?"

तेच मला कळत नव्हतं. मी जनावरांची सरकारी डॉक्टर, म्हसवडपासून आत असलेल्या एका वाडीच्या देवळासमोर उभी होते. पायाशी बर्फाचा डबा आणि त्यात पीपीआरच्या लसीच्या मोजक्या बाटल्या. पुढचा स्टॉक पुण्याहून कधी येणार, ते पुण्यालाच माहीत.

पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा आजार. ताप चढतो, नाक-डोळे वाहतात, तोंड येतं, हगवण लागते. आजारी जनावराच्या श्वासातून आणि शेंबडातून तो शेजारच्याला लागतो. नेमकं औषध नाही. लस मात्र चांगली आहे, पण ती लागण व्हायच्या आधी टोचावी लागते. वाडीतल्या काही शेळ्या दगावल्या होत्या, तरी बऱ्याचशा अजून धडधाकट होत्या.

खरी काळजी माळावर होती. वाडीतली हिराबाई आणि तिचा नवरा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कराडकडे जातात, तिथून घाट उतरून कोकणात. पावसाच्या तोंडावर परत येतात. या वर्षी ते आले आणि गावात साथ. मेंढरांना लस टोचलेली नव्हती. त्यांचं घरदार, शेत, बँक, जे काय म्हणाल ते त्या मेंढरांतच होतं. म्हणून मीच ठणकावून सांगितलं होतं, कळप माळावरच थांबेल. माणसांनीसुद्धा ये-जा करायची नाही, कारण कपड्यांना आणि पायांना लागूनही रोग फिरतो.

हिराबाईची मुलगी सोनाली तिसरीत. शाळेसाठी गावात आजीजवळ राहते. मायलेकींची दिवाळीपासून भेट नव्हती. माळावरून शाळेचे पत्रे दिसायचे. हिराबाई मेंढरांकडे कमी आणि त्या पत्र्यांकडे जास्त बघायची. मी सांगलीची. माझा मुलगा तिकडेच शिकतो. शनिवारी सांगलीची एसटी मिळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. तरी मी नियम सोडला नाही. नियम करणाऱ्याला तो मोडता येत नाही, ही आमच्या नोकरीतली मोठी पीडा.

तर डोस कुणाला द्यायचे? गावात एखादी बातमी पसरते तेव्हा सगळे सगळ्यांना सांगत नाहीत. दोन-चार माणसं असतात, ती घरोघर पोचवतात. साथीचंही तसंच. एकाच दावणीला बांधलेली शेळी फार कुणाला भेटत नाही. चार दारं फिरणारं जनावर अख्ख्या गावाला भेटतं. ते हुडकायचं. त्याला कुणी भेटू नये अशी सोय करायची, नाहीतर ते ज्यांना भेटेल त्यांना लस द्यायची.

मी आणि आमच्या दवाखान्यातले ड्रेसर मुलाणीमामा दारोदार एकच प्रश्न विचारत निघालो. तुमच्या शेळ्यांची गाठ कुणाच्या जनावराशी पडते?

पहिल्या दारात बाई म्हणाली, "कुणाशी न्हाई बाई. आमची घरातच असती. देवाचा बोकड येतो तेवढा."

दुसऱ्या दारात, "देवाचा येतो की. भाकरी खातो, जातो."

पाचव्या दारात मामा मटकन ओट्यावर बसले. "मॅडम, आवं ह्यो तर समद्यांचाच पावना हाय."

नवसाचा म्हणून देवाला सोडलेला बोकड. मालक नाही, म्हणून त्याच्या कानात बिल्ला नाही आणि आमच्या दप्तरी तो नाही. लसीकरणाला जो तो आपली शेळी घेऊन यायचा, देवाचा बोकड आणणार कोण?

त्याला शोधत आम्ही ओढ्याकडे गेलो. बोकडमहाराज समोरून येत होते, थेट माळाच्या बाजूनं. नाकातून शेंबूड, डोळ्यांत चिपडं. आणि गळ्यात लोकरीच्या दोरीला बांधलेलं चिंध्यांचं गाठोडं. मामांनी सोडलं. आत काचेच्या लहान बांगड्या होत्या.

मी तशीच माळावर गेले. रागानं कानशिलं तापली होती.

"हिराबाई, हा बोकड इथं येतो?"

तिनं खाली बघितलं. "येतो बाई. सोनी त्येच्या गळ्यात रिबीन बांधून धाडती."

"फोन आहे ना तुमच्याकडे? रोज बोलता ना?"

"बोलती की. पर फोनात हात लागत न्हाई." तिनं कमरेची पिशवी उघडली. शाळेची लाल रिबीन होती. "तिच्या केसांची हाय. ह्यात लय जीव रमतो बघा. कराडच्या बाजारात बांगड्या घेतल्यात, तवापासनं जवळ हायत. पोर वाढली आसंल. हाताला व्हत्यात का न्हाई, त्येवडं बघायचं हुतं."

माझा राग कुठं गेला कळलं नाही. माणसांची वाट मी बंद केली होती. त्यांनी दुसरी काढली, आणि तीच सगळ्यांत धोक्याची निघाली.

साहेबांना फोन लावला. "सर, सगळे डोस माळावरच्या मेंढरांना देते."

"आणि गावाला काय सांगणार?"

"शेळ्या घरात बांधून ठेवा म्हणणार. शेळी बांधता येते, सर. कळप बांधता येत नाही. उद्या मागून दुसरे कळप याच वाटेनं येतील आणि त्यांच्यात मिसळतील."

साहेब म्हणाले, "लेखी द्या."

दिलं.

गावात आरडाओरडा झालाच. देवाच्या बोकडाला दावं लावायला कुणी पुढं येईना. शेवटी देवळाचे गुरव उठले. "देवाचा हाय न्हवं? मग देवाजवळच ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि त्याला आवारात बांधून दार लावून घेतलं. आम्ही माळावर बाटल्यांतली लसीची पूड विरघळवली. विरघळलेली लस बर्फात ठेवूनही काही तासांतच संपवावी लागते. हिराबाई एकेक मेंढरू धरत होती, मी टोचत होते.

काही कोकरं गेली. त्यांना लागण आधीच झाली असावी. कळप वाचला. मागून आलेल्या कळपांत साथ गेली नाही. बोकडही जगला. त्याचं श्रेय गावानं देवाला दिलं, मी हरकत घेतली नाही.

पण लसीचा गुण यायला वेळ लागतो, म्हणून कळपाचा मुक्काम वाढला. ते सांगायला गेले तेव्हा हिराबाई रडली नाही. नुसती मान हलवली. ते मला जास्त लागलं. तिथंच मी माझा नियम बदलला. मेंढरं थांबतील. आईनं साबणानं आंघोळ करायची, धुतलेलं लुगडं नेसायचं, पायांवर औषधाचं पाणी घ्यायचं आणि पोरीला भेटायला जायचं. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

शाळा सुटली. सोनाली धावत आली, आईच्या कमरेला मिठी मारली, पदरात तोंड खुपसलं. मग एकदम मागं सरली.

"आयं, तुला मेंढरांचा वास कसा येत न्हाई?" असं म्हणून ती जी रडायला लागली, ती थांबेना. हिराबाई तिला पोटाशी धरून म्हणत राहिली, "मीच हाय गं, मीच हाय."

मामा फाटकाकडे तोंड करून उभे होते. मी गाडीत जाऊन बसले आणि सांगलीला फोन लावला. मुलगा म्हणाला, "आई, आज तर बुधवार आहे." मी म्हटलं, "माहितेय रे."

आता कुठं साथ आली की जनावरं मोजायच्या आधी मी विचारते, इथं कुणाला कुणाची ओढ आहे? ती वाट बंद होत नसते. मग पहिली लस तिथंच टोचायची.