मोकळ्या जमिनीचं चित्र

दाजींची हवाई दलातली बदली चंदीगडला झाल्यापासून ताईचा धोशा होता, एकदा ये. मी सांगलीत शाळेत चित्रकला शिकवते. दिवाळीची सुट्टी लागली आणि निघाले. तुम्ही जाणार असाल तर स्वेटर न्याच. पहिल्या दिवशी पिंजौरची बाग पाहिली. चंदीगडहून बस सारख्या सुटतात. स्टँडबाहेर छोले-कुलचे खाऊन मग आत शिरा. तिथवर माझं डोकं शांत होतं.

दुसऱ्या दिवशी दाजी प्लॉट बघायला मुल्लानपूरला घेऊन गेले. शेतांतून नवे रस्ते आखलेले, धूळच धूळ. बिल्डरच्या ऑफिसात साहेबी आमदानीतलं एक छापील निसर्गचित्र टांगलेलं. डावीकडे झाड, मागे शिवालिकचे डोंगर, मध्ये ओझं वाहणारे दोघे, पाठमोरे.

"देखिए जी, अंग्रेज़ों के ज़माने से खाली ज़मीन है. कोई झगड़ा नहीं, पक्का," तिथला माणूस त्या चित्राकडे बोट दाखवत म्हणाला.

खाली? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, हे गोरे अधिकारी मोजणीसाठी चित्रकला शिकायचे आणि फावल्या वेळात विलायतेला पाठवायला देखावे काढायचे. देखाव्यात गाव, गोठे, शेणी खुपल्या की सरळ गाळायचे. माणसं ठेवायची ती मुंगीएवढी, डोंगर मोठा दिसावा म्हणून. आणि साहेबाचा तंबू, रंगपेटी वाहायला तीच माणसं!

खिडकीबाहेर एक म्हातारी चुना दिलेल्या चौथऱ्यावर दिवा लावत होती. मी बाहेर गेले.

"साड्डे जठेरे ने, पुत्त," ती म्हणाली. म्हणजे घराण्याचे मूळ पुरुष. नवी सून आधी इथे डोकं टेकते. आता चौथऱ्यावरून रस्ता जाणार होता. ती अडवायला गेली, तर ऑफिसवाले म्हणाले, तस्वीरीत दाखव तुझं देवस्थान.

मी तशीच आत शिरले. "ये तस्वीर है, सातबारा नहीं!" त्याला सातबारा काय कळणार, कपाळ!

"अगं, हळू. पाहुणी आहेस तू," दाजी म्हणाले. गाडीत मी त्यांना हात जोडले, इथे घेऊ नका. "बघू," म्हणाले.

सांगलीला परतले. प्रवासातून काय उरलं विचाराल, तर राग. तो निवत होता, तेवढ्यात काल ताईने मेलवर त्याच प्लॉटच्या भूमिपूजनाचा फोटो धाडला. ताई-दाजी हसतायत. डावीकडे झाड, मागे डोंगर, मध्ये विटा वाहणारे दोघे, पाठमोरे. फोटो मोठा करकरून मी चौथरा शोधला. नाही.

खाली ताईने लिहिलंय, "बघ, किती मोकळं आहे ना!"