पाच खोल्यांची मालकीण

हौसाबाई उसाच्या हंगामाला आली की दर दोन-तीन वर्षांनी तिच्या कमरेच्या जुडग्यात एक किल्ली वाढलेली असायची. आणि राहायची मात्र कोपीत. ज्यांनी कोपी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. बांबू वाकवून रोवायचे, त्यावर चटया बांधायच्या, वरून उसाचं पाचट टाकायचं की झालं घर. आत शिरायचं तर कमरेत वाकावं लागतं. दार नसतंच, फार तर एखादं जुनं लुगडं आडवं सोडतात. अशा घरात राहणाऱ्या बाईला किल्ल्या कशाला लागतात, हा प्रश्न मला लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात पडला आणि मी तो विचारलाही. माझं तोंड तेव्हा आजच्यापेक्षा जास्त चालायचं.

"घराची हाय, वैनी," ती म्हणाली. तेव्हा एकच किल्ली होती. मला वाटलं, असेल एखादी पत्र्याची पेटी, तिलाच बिचारी घर म्हणत असेल.

आमची वस्ती राहुरीजवळ, कालव्याच्या कडेला. दिवाळीच्या तोंडावर पाथर्डीकडची दहा-बारा जोड्यांची टोळी आमच्या विहिरीजवळच्या पडीक तुकड्यावर उतरायची ती गुढीपाडव्यापर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. हौसाबाई आणि तिचा नवरा बाबूराव हा त्यातला एक. बाई उंच, काटक, हातावर कोपरापर्यंत गोंदण. बाकीच्यांच्या कोप्या मुक्कामाला थांबल्यासारख्या दिसायच्या, हिची मात्र दोन दिवसांत सारवून-लिंपून तयार. पुढे गुडघाभर उंचीचा मातीचा ओटा. दिवसभर ऊस तोडून आलेली बाई, पण कुणी भेटायला गेलं की आधी पोत्याची नीट घडी घालायची, बसायला द्यायची आणि चहा टाकायची. चहा कपात नाही, काठोकाठ भरलेल्या पेल्यात. "घर बारकं हाय वैनी, चहा बारका न्हाई," हे तिचं ठरलेलं.

आमच्या सासूबाई कोपीवाल्यांना ओट्यावर घेत नसत. हौसाबाई पाणी मागायला आली की खालच्या पायरीशी उभी राहायची. सासूबाईंच्या लेखी माणसाची पायरी त्याच्या छपरावरून ठरायची, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही लेखी. कारण आमचं स्वतःचं छप्पर पत्र्याचं होतं आणि ते मला फार सलायचं. माझ्या बहिणीचा नगरला सावेडीत बंगला. ती दर उन्हाळ्यात फोनवर न चुकता विचारायची, "तुमच्याकडे पत्रा फार तापत असेल ना गं?" मग मी दोन दिवस नवऱ्याशी अबोला धरायचे. पंधरा एकराचं रान, पण पाहुण्यांना बसवायला एक धड खोली नाही. ह्यांचं आपलं, आधी पाइपलाइन, मग घर. अशी पत्र्यावरून कुढणारी बाई, पण कोपीकडे पाहताना माझी मान आपोआप ताठ व्हायची.

तर त्या किल्ल्या. एका वर्षी हौसाबाई म्हणाली, होत्या त्या एका खोलीला लागून नवं जोतं झालं. पुढे कधीतरी म्हणाली, दोन खोल्या उभ्या राहिल्या. मग स्लॅब पडला. दर पावसाळ्यात ती घराचा एक तुकडा बांधायची आणि हिवाळ्यात तो आम्हाला तोंडी दाखवायची. मी "हो का, वा" म्हणत भाजी निवडायचे. गरिबाच्या बढाया आपण जशा ऐकतो तशा ऐकायचे. एकदा मात्र विचारलं, सहा महिने तर इथेच असता, एवढं घर कशाला? तेव्हा ती हसली.

"पोराचं लगीन करायचंय न्हवं. पत्रा दिसला का पाव्हनं पान्याला बी थांबत न्हाईत. घर बघून पोरगी देत्यात, वैनी. त्या घरात ऱ्हायाला मिळतंय का न्हाई, ते कोन इचारतंय?"

पोराचं लग्न ठरलं. वैशाखात, लग्नाच्या पंधरा दिवस आधीच, तिनं आम्हाला आवर्जून बोलावलं. करंजीचा घाट ओलांडून आम्ही दोघं तिच्या गावी गेलो. सोबत मी काय नेलं होतं? माझ्या आणि सासूबाईंच्या चार वापरलेल्या साड्या. धुऊन, इस्त्री करून, पिशवीत नीट घालून. गरिबाघरचं लग्न, उपयोगी पडतील, असं मनात म्हणत. गावात शिरल्यावर मी कुठे कुडाचं किंवा पत्र्याचं घर दिसतंय का ते पाहत होते. एका मुलीनं बोट दाखवलं ते दुमजली, गुलाबी रंगाच्या, पुढे लोखंडी फाटक असलेल्या घराकडे. सावेडीतल्या बहिणीच्या बंगल्याला खाली बघायला लावील असं घर. मी गाडीतून उतरेना. हे म्हणाले, "चला, आता उतरा वैनीसाहेब," आणि गालात हसले. ते हसू मी अजून विसरलेली नाही.

हौसाबाईनं माझ्या हातातली पिशवी घेतली, कपाळाला लावली आणि न उघडता आत नेऊन ठेवली. मग पाचही खोल्या उघडून दाखवल्या. खाली चकचकीत फरशी, स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा, वरच्या मजल्यावर पंखे. प्रत्येक दारात ती थांबायची, आणि मी आधी आत गेले की मग स्वतः यायची. एका खोलीत म्हणाली, "हितं अजून कोन झोपलेलं न्हाई." कोपऱ्यात भांड्यांची पोती तोंड बांधून तशीच ठेवलेली. सोडून काय करायची, दसऱ्याला पुन्हा बांधावीच लागतात. "सा म्हयनं घर माजं, सा म्हयनं पालींचं," असं म्हणून ती हसली खरी, पण निघताना माझी ओटी भरता भरता तिच्या पोटातलं ओठावर आलं.

"येक दिवाळी ह्या घरात व्हायला पायजे, वैनी. लगीन झाल्यापून सगळ्या दिवाळ्या उसात गेल्या. मला दुसरं काय बी नगं."

ओटीत तिनं मला कोरी साडी घातली होती. पुढच्या हंगामाला ती माझीच जुनी अबोली साडी नेसून फडात आली आणि म्हणाली, "तुमच्या साड्या लई उपेगी पडल्या. उसात कोन नवं नेसतं?" तिनं मला वाचवलं की टोमणा मारला, ते मला आजही सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही. त्या दिवसापासून ती आली की मी तिला ओट्यावर, माझ्या शेजारी बसवू लागले. सासूबाई काही दिवस धुसफुसल्या, मग गप्प झाल्या. मी एकदम शहाणी झाले असं मात्र समजू नका. बंगला मला हवाच होता, आणि पुढे तो झाला तेव्हा बहिणीला पहिला फोन मीच केला.

हौसाबाईची दिवाळी लांबतच गेली. एका वर्षी सुनेचं पहिलं बाळंतपण, एका वर्षी धाकट्याचं लग्न, प्रत्येक वेळी कोयता हवाच. शेवटी गुडघे गेले तेव्हा पोरांनीच तिला सांगितलं, तू यंदा घरी थांब. बाबूराव गाडी भरायला पोरांबरोबर आला. नातवंडंही आयांच्या मागे आली. ती एकटी मागे राहिली. धनत्रयोदशीला तिचा फोन आला, आवाज नव्या नवरीसारखा. "वैनी, दिवाळी हाय घरी. भाऊबीजंला तुमी दोगं या."

आम्ही गेलो. गावातल्या त्या आळीला ओळीनं नवी घरं होती, आणि बहुतेकांना कुलपं. हौसाबाईच्या घरावर माळा सोडलेल्या, दारात रांगोळी. ती फाटकाशीच बसून होती. आत वीसजणांना पुरेल एवढा फराळ डब्यांत भरलेला. आमच्यापुढे ताटं ठेवून ती समोर बसली आणि आम्ही खाताना एकटक पाहत राहिली. मी म्हटलं, "झाली की नाही मनासारखी दिवाळी?"

"झाली की," ती म्हणाली. माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली. "लक्षुमीपूजनाला पाची खोल्यांत पनत्या लावल्या. फराळ वाढला. मंग म्हनलं हाक मारावी. कुनाला मारू, वैनी? कोपीत येक हाक दिली का सगळी आत असत्यात."

आणि मग तिनं विचारलं, तुम्ही राहुरीलाच चाललात ना, मला न्याल का? मी म्हटलं, "अहो, आयुष्यभर वाट पाहिलीत या दिवाळीची, चार दिवस तरी राहा." ती ऐकणार नव्हती. फराळाचे डबे मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. वाटेत नगरला आम्ही थांबलो तेव्हाही खाली उतरली नाही. विहिरीजवळ पोचलो तशी दुखऱ्या गुडघ्यांनी वाकून ती कोपीत शिरली, आणि आतून लगेच सुनेला चूल वाऱ्याच्या तोंडाला मांडल्याबद्दल बोलणी बसली. मी बाहेर उभी राहून ते ऐकत होते. इतकं सुखी बोलणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

नंतरचे दोन हंगाम ती कोपीतच होती, नातवंडं सांभाळत. यंदा माघात तिला ताप आला आणि दोन दिवसांत ती गेली. पोरांनी तिला गावी नेलं. तिची आठवण आली की मला आमचा बंगला फार मोठा वाटतो. मुलं पुण्याला, सासूबाई गेलेल्या. मी चार खोल्या झाडते आणि मनात म्हणते, हौसाबाई, तुमचं बरोबर होतं.

दहाव्याला मी गेले. पाचही खोल्या माणसांनी भरल्या होत्या. वरच्या मजल्यावर अंथरुणं, जिन्यात पोरं, गॅलरीत ओले कपडे, आणि भांड्यांची सगळी पोती सोडलेली. मोठी सून ग्रॅनाइटच्या ओट्यावर भाकरी थापत होती. मला पाहून ती थांबली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "आत्याबाई असत्या तर येकयेकाला नावानं हाका मारून जेवाया बसवलं असतं."

तेराव्याची जेवणं उरकली. चौदाव्या दिवशी सगळे पुन्हा आमच्याकडे ऊस तोडायला आले.