अधिकातला जावई आणि फुगलेले सेल

आधी चहा घ्या. हा किस्सा रिकाम्या पोटी ऐकण्यातला नाही, आणि सांगण्यातला तर मुळीच नाही! इतकी वर्षं झाली, पण अजून कुणी रेडिओचं मागचं झाकण उघडलं की माझी बायको सुमन माझ्याकडे बघते आणि पदर तोंडाला लावते. आता तुमच्यापासून काय लपवायचं? जी फजिती शंभर माणसांनी बघितली, ती तुम्हीही ऐका.

बहात्तरचा दुष्काळ मागं पडून चार-पाच वर्षं झाली असतील. मी तेव्हा भूमला दूध संकलन केंद्रात फॅट काढायच्या कामावर होतो. काम काय, तर लोकांनी आणलेलं दूध काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात ॲसिड घालायचं, त्या नळ्या एका मशिनमध्ये गरागरा फिरवायच्या आणि वर किती स्निग्धांश तरंगतोय ते बघायचं. झालं! हात फिरवता येणाऱ्या कुणालाही जमेल.

पण माझ्या सासरी, परंड्याकडच्या एका खेड्यात, बातमी पोचली होती ती अशी: "जावईबापू मशिनवर हायत."

मग काय! सायकलीची साखळी उतरली, विचारा जावयाला. विहिरीवरचं इंजिन धूर टाकतंय, दाखवा जावयाला. मीही इंजिनाभोवती एक फेरी मारायचो, "हं, हं" म्हणायचो, कुठंतरी एक टिचकी द्यायचो. नव्या जावयानं 'मला येत नाही' म्हणायचं असतं का? सांगा तुम्हीच.

माझे सासरे, म्हणजे मामा, गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. दुष्काळात अर्ध्या गावाची जनावरं बाजारात गेली, पण मामांनी लांबून उसाचे शेंडे डोक्यावर वाहून आणले आणि दोन गाई जगवल्या. पुढं त्याच गाईंच्या दुधावर सोसायटी सुरू झाली. ही हकिकत कुणीतरी रेडिओवाल्यांच्या कानावर घातली. एक दिवस गावात जीप आली, मामांच्या तोंडासमोर दांडका धरला, आणि मामा जे बोलले ते टेप करून जीप निघून गेली. संध्याकाळच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात मामांचा आवाज लागणार होता!

मामांच्या आयुष्यात एवढी मोठी गोष्ट झाली नव्हती. "घरात कुनी माजं ऐकत न्हाय," ते म्हणायचे, "आता रेडू असलेला समदा मुलूख ऐकनार." एकदाच लागणार होता तो कार्यक्रम. चुकला की चुकला.

म्हणून मामांनी काय केलं? ऐका हं. घरातला रेडिओ बंद केला, धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून दिला. "आपला आवाज यायचाय त्याच्यात. तंवर उगं झिजवायचा न्हाय." आत सेल तसेच! दोन महिने ते बिचारे सेल त्या अंधारात, उकाड्यात पडून राहिले.

त्यात तो दिवस आला नेमका अधिक महिन्यात. धोंड्याचा महिना! तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडं या महिन्यात जावई म्हणजे नारायण. मामांनी एका दिवसात दोन्ही उरकायचं ठरवलं: दुपारी जावयाला धोंड्याचं जेवण, संध्याकाळी गावाला रेडिओ.

सकाळच्या एसटीनं आम्ही उतरलो. मला पाटावर बसवलं. मामांनी पाय धुतले, सासूबाईंनी पुसले, कुंकवाचं बोट लावलं. अनारशांचं तबक दिलं, वर दिवा. पांढराशुभ्र टेरिकॉटचा नवा शर्ट दिला, तो मी लगेच अंगात घातला. मग पुरणाचे धोंडे आणि वर तुपाची धार. सासूबाईंचा हात तांब्या पालथा होईस्तोवर थांबत नव्हता. मी इतका जेवलो, इतका जेवलो, की स्वतःला थोडाफार देव वाटायलाच लागलो. सगळा घोळ तिथंच झाला बघा.

ऊन कलल्यावर मामांनी ट्रंक उघडली. अंगणात माणसं जमायला लागली होती. गावात आणखी दोघा-तिघांकडं रेडिओ होते, पण तेसुद्धा घराला कड्या घालून इकडंच आले. चेअरमनचा आवाज चेअरमनच्या अंगणातच ऐकायचा, अशी गावाची रीत.

मामांनी रेडिओ तिवईवर ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि बटण फिरवलं.

काही नाही.

आणखी फिरवलं. खरखरसुद्धा नाही.

"सेल उतरले असतील," मामा म्हणाले. "नवे आनून ठिवल्यात म्या." आणि त्यांनी मागचं झाकण काढलं.

अहो, आत काय होतं म्हणून सांगू! चार सेल फुगून एकमेकांना चिकटलेले. अंगावर पांढरी-हिरवी बुरशी, खाली काकवीसारखा चिकट रस. पुढं बसलेले चारजण नाक धरून मागं सरकले.

"अगं बया!" सासूबाई म्हणाल्या. "सडलं की समदं!"

मामांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. कार्यक्रमाला तासभरसुद्धा नव्हता. इतक्यात कुणीतरी म्हणालं, "कशाला काळजी करताय चेरमन? जावईबापू हायत की!"

सगळ्या अंगणानं माझ्याकडं बघितलं. मी काय केलं असेल? उठलो. बाह्या सरसावल्या. म्हणालो, "आणा इकडं. दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटांचं!

आधी बोटांनी ओढले. हलेनात. चमच्याच्या दांड्यानं उचकटले. चमचा वाकला. मग मी विळीचं टोक घातलं आणि दिला एक हिसका! एक सेल फुटला, फस्सकन काळी पूड उडाली ती थेट माझ्या छातीवर. नवा शर्ट काळा. घाम आला म्हणून कपाळ पुसलं, तर कपाळ काळं. नाक पुसलं, नाक काळं.

सुमन आतल्या दारात उभी होती. घरी मी खिळा वाकडा ठोकला तर हातोडी काढून घेणारी बाई, पण माहेरी, चारचौघांत काय बोलणार? डोळे मोठे करून नुसती बघत होती. मला वाटलं, कौतुकानं बघतेय.

खरवडून, उकरून सेल काढले एकदाचे. पण आतल्या पत्र्या हिरव्या पडलेल्या. मी म्हणालो, "मामी, चिंचेचं पाणी आणा. देवाची भांडी घासता तसं घासून काढतो."

सासूबाईंनी वाटीभर कोळ दिला. मी तो बोटानं चोळला. एक पत्री लकलकली! लोक म्हणाले, "वा!" आणि तिथं माझ्यातला फॅटवाला जागा झाला. आमच्या केंद्रावर ॲसिड सांडलं की आम्ही त्यावर धुण्याचा सोडा टाकायचो. मी विचार केला, हा सेलचा रस म्हणजे ॲसिडच की! तर पक्कं काम करू.

"मामी, सोडा!"

आता चिंचेच्या कोळावर सोडा टाकला की काय होतं, हे कुठल्याही सुगरणीला विचारा. मी मूठभर टाकला.

फुस्स्स्स!

रेडिओच्या खणातून असा फेस वर आला, असा वर आला, की दूध उतू गेल्यासारखा तिवईवरून खाली ओघळायला लागला. पुढची पोरं ओरडत पळाली. एक म्हातारा हात जोडून उभा राहिला. शेजारचे गफूरचाचा, स्वतःचा चांगला रेडिओ घरी ठेवून आलेले, कळवळून म्हणाले, "अरे चेरमन, रेडू उबल रा ना!"

मी अगदी शांतपणे म्हणालो, "घाबरू नका. घाण बाहेर पडतीय."

आणि गंमत बघा, कुणी हसलं नाही. "व्हय व्हय, घान भाईर पडतीया," असं सगळ्यांनी एकमेकांना समजावलं. आपली माणसं किती शहाणी, किती समजूतदार, असं मला वाटलं.

फडक्यानं पुसून रेडिओ चुलीच्या उबेला धरला. घासताना दोन स्प्रिंगा चेपून पत्रीला सपाट चिकटल्या होत्या, आणि सेल कसे बसवायचे ती खुणेची चिठ्ठी तर फेसाबरोबर वाहून गेली होती. पण मला चिठ्ठी कशाला लागते? मी आयुष्यभर चोरबत्तीत सेल घातले होते. सगळ्यांची टोपी एकीकडं, सगळ्यांचं बूड एकीकडं. तसेच चारही नवे सेल शाळेतल्या पोरांसारखे एका दिशेला तोंड करून बसवले.

तेवढ्यात दारातून सुमनला खोकला आला. मी दुसऱ्या सेलला हात लावला, पुन्हा खोकला. तिसऱ्याला तर ती इतकी खोकली की मी हातातलं काम थांबवून म्हणालो, "अगं, गुळाचा खडा धर तोंडात!"

ती आत निघून गेली. जाताना कपाळावर हात मारल्यासारखा केला, पण मी म्हटलं डोकं दुखत असेल.

झाकण लावलं. "मामा, तुमच्या हातानं लावा." मामांनी टोपी नीट केली, बटण फिरवलं.

शांत.

इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं. मी रेडिओ उभा केला, आडवा केला, वर टपली मारली. शांत म्हणजे अगदी गाभाऱ्यासारखं शांत! घड्याळात कार्यक्रमाची वेळ झालेली.

गफूरचाचा अर्धवट उठले. "चेरमन, मैं मेरा रेडू लेको आतूं क्या? दो मिनट का काम है."

मामांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. "बसा चाचा. जावईबापू बसलेत न्हवं?"

माझी छाती, काळी होती तरी, फुगली. माणसाचा विश्वास असावा तर असा! मी पुन्हा झाकण काढलं, चारही सेल काढले, पुसले आणि पुन्हा तस्सेच, एका दिशेला, बसवले. मामा समोरच बसले होते. माझ्या हाताकडं बघत होते. एकदा त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले.

आणि गेली वेळ. मामांचा आवाज आमच्या डोक्यावरून, त्या कोरड्या आभाळातून कुठं कुठं गेला असेल! मुलुखानं ऐकला, ऐकला नाही तो फक्त मामांनी, मामींनी आणि त्यांच्या गावानं.

मी घसा खाकरून जाहीर केलं, "आज स्टेशनच बंद दिसतंय."

"व्हय, स्टेशनच बंद आसंल," सगळं अंगण एका सुरात म्हणालं. पण उठेना कुणी. मामा त्या मुक्या रेडिओकडं बघत बसले होते. दोन महिने जपलेला माणसाचा आनंद, आणि आपल्या हातून असा जावा? खरं सांगतो, जमीन दुभंगावी असं वाटलं.

मग मामा उठले. रेडिओ उचलून कडेवर घेतला आणि म्हणाले, "मंडळी, स्टेशन बंद आसलं म्हनून काय झालं? बोलनारा तर हितंच हाय!"

आणि त्यांनी अख्खी मुलाखत केली! रेडिओवाल्याचे प्रश्न शुद्ध भाषेत, नाकातून: "तर चेअरमनसाहेब, दुष्काळात आपण जनावरं कशी जगवलीत?" मग स्वतःच्या आवाजात उत्तर: "त्याचं आसं हाय सायेब..." रेडिओवाल्यांनी जे कापलं असतं तेही सांगितलं, आणि जे विचारलंच नव्हतं तेही. लोकांनी हसून हसून डोळे पुसले. सासूबाई तर पहिल्यांदाच एवढा वेळ त्यांचं ऐकत बसल्या. कंदील लावावा लागला, इतका वेळ तो कार्यक्रम चालला. मामा खूश, गाव खूश. म्हटलं, चला, निभावलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आम्हाला एसटीपर्यंत सोडायला आले. सुमन पुढं चालली होती. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, राग न्हवं. रेडूत सेल घालताना एकाचं त्वांड हिकडं, तर दुसऱ्याचं तिकडं करायचं आसतं. सकाळी उठून म्या फिरवलं, आन लागला की वो! भजनं चालली व्हती."

मी जागच्या जागी थांबलो. "मामा! म्हणजे काल तुम्हाला दिसत होतं?"

"समोरच तर बसलो व्हतो."

"आणि गफूरचाचांना?"

"आवो, समद्यास्नी. तुमच्या मामीला बी. सुमी खोकून खोकून दमली."

"अहो, मग बोलला का नाही? तुमचा आवाज एकदाच लागणार होता!"

मामा हसले. "सकाळी ज्याचं पाय धुतलं, सांजच्याला चारचौघांत त्याची चूक काढायची व्हय? आवाज काय, माजा मला पाठ हाय. पर धोंड्याच्या दिवशी जावयाचा मान गेला, तर त्यो कुठनं आनायचा?"

बोला आता! त्या अंगणात शंभर माणसं बसली होती. त्यांत रेडिओत सेल घालता न येणारा एकच होता, आणि सगळ्या गावानं मिळून नेमका त्यालाच देव करून बसवला होता.