मिशाळचं माप

टेलरकाकांकडे शाळेचा गणवेश शिवायला टाकला, की तो पहिल्या वर्षी पोराच्या अंगाला कधीच बसत नसे. बाह्या बोटांवर यायच्या, विजार टाचेखाली लोळायची. आई कुरकुरायला लागली, की काका ओठात धरलेल्या टाचण्या काढून म्हणायचे, "पोर वाढणार आहे की नाही? मग कापड आधीच ठेवायला नको का?" आत दुमडून ठेवलेलं वाढीव कापड ते दर वर्षी उसवून मोकळं करायचे. त्यांच्या या दूरदृष्टीपायी गल्लीतली पोरं आधी गबाळी दिसायची आणि मग नीटनेटकी.

एवढा शहाणा माणूस बोटभर मासा आणायला गेला तेव्हा आपली अक्कल कुठे गहाण टाकून गेला होता, कोण जाणे.

दुकानात थांबलेल्या गिऱ्हाइकांना विरंगुळा म्हणून काकांनी काचेची पेटी ठेवली होती. तिच्यात पट्ट्यापट्ट्यांचे बारके मासे होते. मासेवाल्याकडे त्यांना हा नवा दिसला. काळी पाठ, पांढरं पोट, शेंदरी शेपटी, आणि तोंडाला अंगाच्या मानाने भलत्याच लांब मिशा. काका तिथेच पाघळले.

"वाढतो किती हा?" त्यांनी विचारलं खरं.

"भांडं जेवढं, तेवढा," मासेवाला म्हणाला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे माशालाही कळतं म्हणायचं, असं वाटून काका खूश झाले. माशाला पायच नसतात, हे त्यांना पुढे कळायचं होतं. घरी काकूंनी नाव ठेवलं मिशाळ.

मग पेटीतले बारके मासे कमी व्हायला लागले. काकूंनी शेजारच्या मांजरावर आळ घेतला आणि शेजारणीशी अबोला धरला. काकांनी पेटीवर झाकण घातलं, झाकणावर इस्त्री ठेवली, तरी मासे जातच राहिले. एका दुपारी मिशाळ तोंड मिटून अगदी साळसूदपणे तळाशी बसला होता आणि त्याच्या ओठांतून एक पट्ट्यांची शेपटी बाहेर हलत होती. काकूंना शेजारणीकडे पडलेल्या तोंडाने जावं लागलं. मांजराची माफी कशी मागायची हे मात्र त्यांना सुचलं नाही.

त्या दिवसापासून काकांना त्या माशाचं वेडच लागलं. हा झोपतो केव्हा? मिशा मागे-पुढे करून नक्की काय करतो? काचेजवळ गेलं की काका आले हे ओळखतो, की फक्त जेवण आलं एवढंच ओळखतो? हे तपासायला त्यांनी एकदा काकूंची साडी पांघरून कोळंबी टाकली. मिशाळ आला. काकूंनी तेवढ्याच वेळात दार उघडलं, आणि पुढे बरेच दिवस हा प्रयोग माहेरच्या मंडळींना रंगवून सांगितला. आणखी एकदा झाकण उघडं असताना कोटाचं मोठं बटण पाण्यात पडलं, तर ते मिशाळने गिळलं. काकांच्या घशाखाली घास उतरेना. त्याने ते बटण ओकून टाकलं तेव्हा कुठे ते जेवले. मग पेटीजवळ बटण, दोऱ्याचं रीळ, खडू, काही म्हणजे काही ठेवायचं नाही असा नियमच झाला.

मिशाळ वाढत होता. वर्षाच्या आत त्याला दुसरी पेटी लागली, मग तिसरी. गिऱ्हाइकांचा बाक बाहेर गेला. आणि एका सकाळी काकांना दिसलं, की वळायचं झालं की मिशाळ घडी घातल्यासारखा दुमडतोय. शेपटी एका काचेला, तोंड दुसऱ्या काचेला. नाकाची कातडी घासून पांढरी पडली होती.

गावाबाहेर एक सरकारी मत्स्यालय होतं. तिथे असल्या माशांचा हौद आहे असं कळल्यावर काका दुकान बंद करून गेले. गुडघ्यापर्यंत बूट घातलेल्या एक बाई माशांना खायला घालत होत्या. पाण्यातून वर आला तो मिशाळच, पण माणसाएवढा. काकांनी गळ्यातली मापाची पट्टी कधी हातात घेतली ते त्यांनाच कळलं नाही.

"ह्याचं माप मिळेल का?"

बाई हसल्या. लांबी किती, घेर किती, सगळं त्यांनी सांगितलं. शिवाय, हा वीसेक वर्षंही जगतो आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतच झपाट्याने वाढतो, हेही सांगितलं. काकांनी मिशांचं विचारलं.

"चव घेतो त्यांनी. मिशाच कशाला, सगळ्या अंगाला चव कळते त्याला."

"म्हणजे तो बसल्याजागी पाणी चाखत असतो?"

"चोवीस तास."

परत येताना काकांच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. आपण आठवड्यातून एकदा पाणी बदलतो. बाकीचे दिवस तो बिचारा काय चाखत बसतो?

त्यांनी खाकी कागद जोडून मिशाळचं पूर्ण वाढीचं माप कापलं. सदऱ्याचा कापतात तसाच कागद, फक्त माशाचा. तो दुकानाच्या जमिनीवर पसरला. डोकं शिलाई मशीनपाशी आलं आणि शेपटी उंबऱ्याबाहेर गेली. काकांनी तो फिरवून पाहिला, आतल्या खोलीत नेऊन पाहिला, पलंग उभा करून पाहिला. तो कागद न दुमडता वळू शकेल अशी एक जागा त्यांच्या घरात नव्हती. काका त्या कागदाशेजारी फतकल मारून बसले. त्यांना मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे जागा नाही हो. असे किती जण येतात. आणायला सगळे उत्साही, ठेवायला कोणी नाही." हौदात जागा झाली तर मात्र कळवते म्हणाल्या.

काकूंच्या भावाकडे टेम्पो होता. तो म्हणाला, "भावोजी, एवढा घोळ कशाला? तळ्यात सोडून येऊ. तोही सुटेल, तुम्हीही सुटाल."

सोपं होतं. काकांनी मिशाळकडे पाहिलं आणि क्षणभर त्यांनाही ते पटलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी त्यांची गत झाली होती. पण बाईंनी तेही सांगून ठेवलं होतं: थंडीत पाणी गार झालं की हा मरेल, आणि मरेपर्यंत तळ्यातले मासे फस्त करेल.

काकू ऐकत होत्या. त्या भावाला म्हणाल्या, "आपलं पोरगं डोईजड झालं म्हणून दुसऱ्याच्या घरात सोडून यायचं का? आणि तेही दार वाजवून पळून यायचं?"

भाऊ टेम्पो घेऊन परत गेला. काकांनी कापायचं टेबल काढलं. त्याच्या जागी जाड फळ्यांचा, आतून रबराचं अस्तर लावलेला ठेंगणा, रुंद हौद बांधून घेतला, पाणी गाळायचं मोठं यंत्र आणलं. मिशाळला निदान न दुमडता वळता यायला लागलं. काका कापड कापायला आतल्या खोलीत जमिनीवर बसायला लागले आणि गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडायला लागले. खाकी कागद भिंतीवर टांगला होता. पोरं त्याला पाठ लावून उंची मोजायची. आम्हालाही असा एक मासा घ्यायचाय म्हणणारी गिऱ्हाइकं त्या कागदाखाली उभी राहायची आणि विषय बदलायची.

मिशाळ मात्र थांबला नाही. नव्या हौदातही त्याची शेपटी भिंतीला लागायला लागली तेव्हा काका रोज फोनकडे बघत बसायचे. त्यांना एकाच गोष्टीची भीती होती, जागा होईपर्यंत हा पुन्हा दुमडायला लागेल. मग बाईंचा फोन आला. त्यांचा सगळ्यात म्हातारा मासा गेला होता. काकांना आनंद झाला, आणि कोणाच्या तरी मरणाने आनंद झाला म्हणून वाईटही वाटलं.

त्यांनी मिशाळला नेण्यासाठी मेणकापडाची झोळी शिवली, आतून मऊ कापड लावून, कातडीला टाका लागणार नाही अशी. माप मिशाळचं, आजचं. वाढीसाठी त्यांनी एक बोटही जास्त ठेवलं नाही. असं त्यांनी आजवर कुणाचं शिवलं नव्हतं.

टेम्पोतून मोठ्या पिंपात मिशाळ गेला, आणि काका पिंपाला हात लावून मागे बसले. मत्स्यालयात बाईंनी आणि काकूंच्या भावाने झोळी पाण्यात उतरवली. मिशाळ बराच वेळ झोळीतच पडून राहिला. मग हळूच बाहेर सरकला आणि पोहायला लागला. सरळ, सगळी शेपटी डावी-उजवीकडे फेकत. इतक्या वर्षांत काकांनी त्याला असं पोहताना पाहिलंच नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

मग मिशाळ वळला.

पुढे काही नव्हतं. मोकळं पाणी होतं, दुसरे मासे लांब होते, भिंत तर त्याहून लांब. मिशाळ मागे आला, आणि पुन्हा वळला. पुन्हा पुढे, पुन्हा वळला. काकांना कळायला जरा वेळ लागला. दुकानातल्या हौदाची भिंत जिथे आली असती, तिथेच तो वळत होता.

"हे असं किती दिवस चालेल?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "काही मासे आठवड्यात विसरतात. काही विसरत नाहीत."

भाऊ टेम्पोकडे गेला. काकू म्हणाल्या, "चला आता, भाऊ थांबलाय."

"थांब जरा," काका म्हणाले. "ह्या वेळी जाईल बघ पुढे."

मिशाळ आला. मिशा पुढे करून त्याने पाणी चाखलं, आणि तिथूनच वळला.

काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि कठड्यापाशी काकांच्या शेजारी बसल्या.

"परत येतोय," त्या म्हणाल्या.