खिशातला ळ

बोलता बोलता ते डावा तळहात शर्टाच्या खिशावर ठेवत, छातीत कळ आलेला माणूस ठेवतो तसा. नवखा माणूस घाबरून पाणी आणायला धावे. पण त्यांना काहीच झालेलं नसे. खिशात कम्प्युटरची एक फ्लॉपी असे आणि ती जागेवर आहे ना, एवढंच ते चाचपून पाहत. मग समोरच्याला विचारत, "कोणाले विचारलं होतं?"

हा प्रश्न ते कुणालाही, कशावरूनही विचारत. त्यांच्या जास्वंदाचं फूल तोडलं, त्यांच्या फाटकाला सायकल टेकवली, त्यांनी सांगितलेला विनोद दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला सांगितला, तरी हाच प्रश्न. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. माझ्या नशिबी ते शेजारी म्हणून आले. पोलादाच्या प्लांटच्या क्वार्टरची एकच भिंत आमच्यात होती आणि ती मला कधी पुरेशी जाड वाटली नाही.

ते प्लांटच्या कम्प्युटर विभागात होते, मूळचे अकोल्याकडचे. नव्वदीच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत कम्प्युटरवाला म्हणजे अर्धा देवमाणूस, आणि त्यांना हे कुणी सांगायची गरज नव्हती. पण त्यांनी एक काम खरोखर मोठं केलं होतं. आम्ही मध्य प्रदेशात राहणारे. दुर्गच्या छापखान्यात सगळं हिंदी, आणि खिळ्यांत ळ नाही. आमच्या महिला मंडळाचं दरवर्षी 'महिला मंडल' व्हायचं, हळदीकुंकवाचं 'हलदीकुंकू' आणि खाली 'कलावे'. या माणसाने ड्यूटी संपल्यावर घरी बसून, ठिपक्याला ठिपका जोडून कम्प्युटरवर मराठी अक्षरं बनवली. त्यांतला ळ पाहून मी खरंच हरखले होते.

"सुंदर झालाय हो आपला ळ," मी म्हटलं.

"आपला नाही वहिनी," ते म्हणाले, "ळ माझा आहे."

तेव्हा मी हसले. मला वाटलं, गंमत करताहेत.

माझ्या सासूबाई वर्ध्याकडच्या. त्यांना भुलाबाईची इतकी गाणी येत की महिनाभर रोज वेगळी म्हटली तरी उरत. मी साताऱ्याकडची, मला आमच्या भोंडल्याची चार-दोन येत. सासूबाई विसरायला लागल्या होत्या. आधी डाळीत मीठ, मग नातवांची नावं. गाणी मात्र अजून शाबूत होती. ती लिहून घेऊन त्यांचं पुस्तक करायचं या शेजाऱ्यांनीच काढलं, हे मला मान्य करायलाच हवं. दुपारची ड्यूटी नसली की ते आमच्या व्हरांड्यात येऊन बसत. एरवी दोन वाक्यांत वैतागणारा हा माणूस सासूबाईंसमोर तासन् तास बसून राही. त्या एकच कडवं पुन्हा पुन्हा म्हणत, तरी हे पहिल्यांदा ऐकल्यासारखे मान हलवत.

"लेका, आणखी एक आठवलं. लिहून घेतं का?"

"हाव मावशी, घेतो ना. सावकाश सांगा."

गाणी कम्प्युटरात गेली की कच्चे कागद ते फाडून टाकत. कुणी पळवू नये म्हणून! भुलाबाईची गाणी कोण पळवणार होतं, देव जाणे.

नमुना म्हणून त्यांनी एका गाण्याचं एक पान छापून आणलं, कम्प्युटरच्या त्या लांबरुंद कागदावर. तळाशी त्यांचं नाव आणि 'सर्व हक्क स्वाधीन'. बायकांना इतका आनंद झाला की आठवड्याभरात त्या पानाची झेरॉक्स घरोघरी पोचली. एक जवळच्या कुम्हारी गावात माझ्या नणंदेकडेही गेली. आता कागद मोठा आणि झेरॉक्सची काच लहान. गाणं आलं, तळाची ओळ काचेबाहेर राहिली.

ते झेरॉक्सचं पान हातात घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले.

"माझं नाव कापलं, वहिनी? कावून कापलं?"

"कापलं कुणी? मशीनमध्ये मावलं नाही."

"कोणाले विचारलं होतं झेरॉक्स काढाले?"

"गाणी माझ्या सासूबाईंची आहेत, भाऊजी. त्यांना विचारलं होतं."

"शब्द मावशीचे. अक्षर माझं."

मला तेव्हाही ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. पण त्या रागामागे काय होतं ते नंतर कळलं. दुर्गच्या एका कम्प्युटर क्लासवाल्याने त्यांची अक्षरं तशीच्या तशी उचलली होती आणि स्वतःच्या नावाची पाटी लावून तो ती विकत होता. रात्ररात्र जागून केलेलं काम दुसऱ्याच्या पाटीखाली बघायचं म्हणजे काय, हे मी समजू शकते. मात्र चोरी क्लासवाल्याने केली, आणि कुलूप आमच्या सासूबाईंना लागलं.

कारण त्यानंतर त्यांनी सगळी गाणी कम्प्युटरातून काढून एका फ्लॉपीत बंद केली. ती उघडायला दुसरी फ्लॉपी लागे, ती चावी. चावीवरचा आकडा कम्प्युटरनेच काढलेला, तो यांनाही ठाऊक नव्हता. स्वतःवरसुद्धा विश्वास नसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. चावीची नक्कल होत नसे आणि ती कायम त्यांच्या खिशात. पुस्तक निघेल तेव्हा निघेल, तोवर कुणी हात लावायचा नाही.

सासूबाईंचं विसरणं वाढत चाललं होतं. मी आमच्या ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, बनवणाऱ्याचा हक्क आहेच, पण नव्या कायद्यात विकत घेणाऱ्यालाही आपल्या कम्प्युटरच्या प्रोग्रामची एक प्रत काढून जपून ठेवता येते. आणि ही गाणी तर कुणा एकाची नाहीतच. मी मोठ्या तोऱ्यात हे शेजाऱ्यांना ऐकवलं.

त्यांनी खिशावर हात ठेवला. "कायदा देते ना? मग कायद्यापासून घ्या."

मी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. संक्रांतीचा तिळगूळही मी त्यांच्या बायकोच्या हातात दिला.

मग उन्हाळ्यात त्यांना भंगाराच्या यार्डात पाठवलं. तिथल्या वजनकाट्याला नवा कम्प्युटर लावायचा होता. भंगार उचलायला तिथे क्रेनला लटकवलेलं भलंमोठं लोहचुंबक असतं. ते जमिनीलगत चालू होतं आणि हे त्याला खेटून उभे राहून ऑपरेटरशी वाद घालत होते, खिशावर हात ठेवून. घड्याळ बंद पडलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. फ्लॉपीला चुंबकाजवळ नेऊ नये, हे प्लांटमध्ये सगळ्यांना ओरडून सांगणारा माणूस हाच.

संध्याकाळी ते आले. "वहिनी, चावी गेली. पुसल्या गेली."

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "कुणाला विचारून गेला होतात तिथे?"

सवयीने त्यांचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. मला जितका आनंद व्हायला हवा होता तितका झाला नाही.

पुढे कितीतरी दिवस ते पुन्हा व्हरांड्यात येऊन बसत होते. आता सासूबाईंना काहीच आठवत नव्हतं. शेजाऱ्यांनाही पहिल्या ओळींपलीकडे येत नव्हतं. कम्प्युटरात आहे म्हटल्यावर त्यांनी लक्षात ठेवलंच नव्हतं. तरी ते आपल्या भसाड्या आवाजात एकेक पहिली ओळ म्हणत आणि सासूबाईंच्या तोंडाकडे आशेने बघत. एकदा त्या कौतुकाने म्हणाल्या, "लय चांगलं गानं आहे, लेका. कोनाचं आहे?"

मी दारात तांदूळ निवडत होते. माझा हात थांबला.

"तुमचं आहे, मावशी," ते म्हणाले. "तुमचंच आहे."

त्याच पावसाळ्यात ते रिटायर होऊन अकोल्याला गेले. जाताना गाण्यांची फ्लॉपी माझ्या हातात ठेवली. वर त्यांच्या त्या ठिपक्यांच्या अक्षरांत सासूबाईंचं नाव होतं, स्वतःचं कुठेच नव्हतं. वर्षभरात ते वारल्याची बातमी आली. मला वाईट वाटलं. रागही आला. दोन्ही अजून आहेत.

बातमी आली त्या वर्षी भुलाबाईसमोर मी ती फ्लॉपी ठेवली. गाणी झाली, आहेत ती चार-दोन. मग खिरापत ओळखायची वेळ आली. आमच्यात झाकलेला डबा कानाशी हलवून दाखवतात. मुली आतला खाऊ ओळखतात, आणि बरोबर ओळखला की डबा उघडायचाच. सासूबाईंनी डब्याऐवजी फ्लॉपी उचलली. कानाशी धरून हलवली. आत काहीतरी बारीक खुळखुळलं.

"सांगा वं पोरीहो, यात काय आहे?"

मुली एकदम ओरडल्या, "गाना है, दादी! आपका गाना है!"

सासूबाई खुश झाल्या. "बरोबर," म्हणाल्या, आणि फ्लॉपी माझ्यापुढे धरली. "उघड आता."