बायकांच्या खोलीची राखण

एका जुन्या कापूस व्यापाऱ्याच्या घराचं संग्रहालय केलंय, ते बघायला गेले होते. वरच्या मजल्यावर बायकांची खोली. खिडकीला जाळी अशी बारीक, की आतून रस्ता दिसावा, पण रस्त्यावरून आतलं कुणी दिसू नये. तिथं राखणीला सुमन नावाची बाई खुर्चीवर बसली होती. दुपारचे तीन वाजलेले, ऊन मी म्हणत होतं, आणि तिची पाण्याची बाटली भरलेलीच.

"अगं, पाणी तरी पी!"

ती हसली. "प्यायलं की जावं लागतं, आजी. संडास खाली परसात. खोली सोडली तर साहेब ओरडतात."

सासरी मीही तशीच राहिले हो. दिवसाउजेडी ओटीवरच्या पुरुषांसमोरून टमरेल घेऊन कशी जाणार? मग तहानच मारायची. या जाळीमागच्या सोन्यानं मढलेल्या बायकाही अंधाराचीच वाट बघत असतील. भिंतीवरच्या पाटीत त्यांच्या दागिन्यांचं वर्णन आहे, याबद्दल एक ओळ नाही.

"ऊठ, मी बसते इथं."

"तुम्हाला जमेल?"

"बसायला काय शिकावं लागतं?"

ती जवळजवळ पळतच गेली. मी बसले. दहा मिनिटांत जाळीची भोकं मोजून संपली, रस्ताही बघवेना. उठावंसं वाटलं, पण उठता येईना.

सुमन आली ती तोंड धुऊन, ताजी होऊन.

"उद्या याल का, आजी?" तिनं हसतच विचारलं, पण उत्तरासाठी थांबली. माझी गावची गाडी पाचची होती.