मशीनवरची गोधडी

मशीनला तेल घातलं की त्याचा वास नेरळच्या या दोन खोल्यांत दुपारभर रेंगाळतो. आज साधा परकर शिवायला बसले होते, पण तो वास आला आणि हात तसेच मांडीवर राहिले. गेल्या थंडीतला शिणवटा अंगातून अजून गेलेला नाही, हे असं मधूनच कळतं.

त्या थंडीत सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. कळंबच्या घरी एकट्या कशा राहणार, म्हणून इथे आणलं. विकतचं कुठलंच पांघरूण त्या अंगावर ठेवत नसत. पांघरलं की ढकलायच्या, मग कुडकुडत जाग्या राहायच्या आणि त्यांच्याबरोबर मीही. उभा जन्म त्यांनी लुगड्यांच्या गोधड्या हाताने शिवल्या आणि त्याच पांघरल्या. शेवटची केव्हाच विरली होती, पण ट्रंकेत लुगडी होती. हाताने टाके घालायला मला सवड कुठली? त्यांचं करता करताच दिवस मावळायचा. शेवटी वरच्या मजल्यावरच्या भाभींकडे गेले. मशीनवर मनासारखं कापड फिरवत गोधडी भरायची कला त्यांना येत होती.

त्यांनी दाखवलं, आधी सुईखालचे मशीनचे दाते खाली उतरवायचे. मग मशीन कापड पुढे ओढत नाही. सुई नुसती वरखाली होते आणि न्यायचं काम सगळं आपल्या हातांचं. मी जन्मभर सरळ टीप मारलेली बाई. हात थांबला की दोऱ्याचा गोळा, घाई केली की हा एवढा लांब टाका! त्यात मी सुरुवात केली काठापासून. सासूबाई तशाच करायच्या, जमिनीवर गोधडी पसरून कडेने फेऱ्या घालत मध्यापर्यंत यायच्या. मशीनवर मात्र सगळं कापड सरकत सरकत मधोमध गोळा झालं आणि भलामोठा फुगा उभा राहिला.

"अगं, हितं मधून सुरू करून भायेर जायचं," भाभी म्हणाल्या. "जमिनीवरची रीत हितं नाय चालत."

"उसवू का?"

"कदी उसवशील? जरा आरशात बग सोताला."

लुगडीही इतकी जुनी की उसवताना फाटलीच असती. फुग्याच्या चुण्या पाडल्या आणि वरून वेडेवाकडे टाके मारून टाकले. मला राग येत होता, सुईचा, लुगड्यांचा आणि सासूबाईंचाही. माझ्या कुठल्याही कामाला त्या कधी 'बरं' म्हणाल्या नव्हत्या. आता त्या मला ओळखतही नव्हत्या. एवढी गोधडी त्यांनी अंगावर ठेवावी, त्यांना झोप लागावी आणि मलाही, याखेरीज माझं काही मागणं उरलं नव्हतं.

दुपारी ती त्यांच्या अंगावर घातली. त्यांची बोटं टाक्यांवरून फिरत मधल्या चुण्यांपाशी आली आणि थबकली.

"कुनाची गं ही?"

"तुमचीच. तुमच्या लुगड्यांची."

"मला नको, बाय." त्यांनी गोधडी माझ्याकडे सरकवली. "माज्या सुनंला दे. लई दमते ती. निजतच नाय."

मी तिथेच त्यांच्याजवळ बसून खूप रडले. मग गोधडी दोघींवर ओढून त्यांच्या कुशीला आडवी झाले. त्यांनी ती ढकलली नाही. दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघी झोपलो होतो.

आता त्या नाहीत, आणि मला हवी तेवढी झोप मिळते. तरी शीण काही उतरत नाही. इतकी वर्षं सासू-सून म्हणून काढून जे त्यांना मला सांगता आलं नाही, ते त्यांनी एका अनोळखी बाईला सांगितलं. नशीब माझं, की त्या दुपारी ती बाई मी होते.